तिसऱ्या शब्दाची जागा

वर्गात कुणालाही उभे करून विचारा, “माणसाच्या मूलभूत गरजा कोणत्या?” उभे राहिलेले पोर तोंड उघडायच्या आत बाकीचा वर्ग एका सुरात उत्तर देतो : अन्न, वस्त्र, निवारा. या यादीत शिक्षण आणि आरोग्य आलेच पाहिजे, हे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो. पुढारीही भाषणांतून सांगतात आणि ते योग्यच आहे. तरी मुलांचा आवाज ‘निवारा’वर खाली येतो आणि तिथेच थांबतो. पुढचे दोन शब्द त्यांना आठवून म्हणावे लागतात. पहिले तीन आठवावे लागत नाहीत.

असे का होते, हा माझ्या पेशातला प्रश्न आहे. सोलापुरात मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी झाली. आता संध्याकाळी वक्तृत्व स्पर्धेची मुले घरी येतात. बरीचशी पूर्व भागातली, यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी. मराठी ही त्यांची शाळेची आणि रस्त्यावरची भाषा. व्यासपीठावर उभे राहिल्यावर घाम फुटलेल्या पोराला शब्दांपेक्षा तालाचा आधार जास्त लागतो, हे मी या मुलांकडून शिकले. शर्यत लावताना एक जण ‘एक, दोन, तीन’ म्हणतो, दुसरा ‘ओंदु, एरडु, मूरु’, तिसरा ‘ओकटी, रेंडु, मूडु’. पाय मात्र सगळ्यांचे तिसऱ्या आकड्यालाच सुटतात.

खरे तर आपल्या मराठीचा जीव जोडीत आहे. भाजीभाकरी, आईबाप, शेतीवाडी, पैसाअडका, लेकीसुना, सणवार. घरातले बोलणे अशा जोडशब्दांवर चालते. जोडीतले दोन शब्द एकमेकांना धरून असतात, तिथे तिसऱ्याला वाव नसतो. ‘सुखदुःख’ म्हटले की आणखी काही म्हणायचे राहतच नाही. सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा गजर होतो. तिथेही शब्द जोडीनेच येतो. घरात तर तीन आपल्याला चालतच नाही. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, शुभकामाला तिघांनी मिळून निघायचे नाही, ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ हे आजीच्या तोंडी ठरलेले.

पण चार माणसांपुढे बोलायची वेळ आली की हाच तीन हवासा होतो. तन, मन, धन. काया, वाचा, मने. लिलावात एक वार, दोन वार, तीन वार. वंदन करायचे ते त्रिवार. शांतिमंत्राच्या शेवटी शांती तीनदा. आषाढीला पंढरपुरात उभे राहिलात तर जयघोषाची घडण नीट ऐका : आधी पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, मग श्री ज्ञानदेव तुकाराम, मग पंढरीनाथ महाराज की जय. तीन टप्पे, आणि तिसऱ्याला हजारो आवाज एकत्र. इतक्या वर्षांच्या ऐकण्यावरून माझे मत झाले आहे की जोडी घरची आणि तीन सभेचा.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिला शब्द नुसता शब्द असतो. दुसरा आला की कानाला चाल सापडते आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधला जातो. तिसरा तो अंदाज खरा करतो, किंवा मुद्दाम मोडतो. चाल तयार होऊन पुरी व्हायला लागणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे तीन. चौथा शब्द आला की ऐकणारा नकळत मोजायला लागतो, आणि मोजणारा माणूस ऐकत नाही.

गेल जेफरसन या अमेरिकन संशोधक बाईंनी माणसांच्या रोजच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे श्वासाश्वासासकट तपासली. बोलताना केलेल्या याद्यांवरचा त्यांचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. माणसे यादी करताना तीनवर थांबतात, आणि तिसरी गोष्ट सुचली नाही तर तिच्या जागी भरीचा शब्द ठेवतात, असे त्यांना दिसले. आपल्याकडे ती जागा ‘वगैरे’ सांभाळतो. “चहा, पोहे वगैरे झाले का?” यातल्या ‘वगैरे’ला पदार्थ म्हणून काही अर्थ नाही, पण तो काढून पाहा, वाक्य लंगडते. ब्रिटनमध्ये मॅक्स ॲटकिन्सन यांनी राजकीय भाषणांत टाळ्या नेमक्या कुठे पडतात हे पाहिले आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिले. तीन भागांची यादी आणि दोन विरुद्ध गोष्टींची मांडणी, या दोन ठिकाणी टाळ्या हमखास येतात. एकट्याने टाळी वाजवायला कुणालाच आवडत नाही. कधी वाजवायची हे सगळ्यांना एकाच वेळी कळावे लागते. तीनची चाल ते आधीच कळवून ठेवते. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसा आणि वक्त्याऐवजी श्रोत्यांचे हात बघा. दुसऱ्या शब्दाला हात मांडीवरून उचललेले असतात.

आता क्रमाकडे येते, कारण मुलांची खरी मेहनत तिथे असते. ‘निवारा, वस्त्र, अन्न’ असे म्हणून पाहा. अर्थ तोच, शब्द तेच, पण वाक्य उतरणीला लागते. लहान शब्द आधी, मोठा शेवटी, ही आपल्या कानाची जुनी आवड आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात द्वंद्व समासासाठी नियमच घालून दिला आहे, की ज्या शब्दात स्वर कमी, तो आधी यावा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असेच निरीक्षण युरोपातल्या भाषांबद्दल मांडले. पाणिनीला ते हजारो वर्षे आधी ठाऊक होते, याचा मला मराठीची बाई म्हणून अभिमान वाटतो. मुलांना मी नियम सांगत नाही. तीन चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून त्या सहाही प्रकारे मांडायला लावते. मोठ्याने वाचले की पोरे स्वतःच बरोबर क्रम लावतात.

मागे एक नववीतली मुलगी पाण्यावर भाषण लिहून घेऊन आली. घरी तेलुगू बोलणारी, आई विड्या वळणारी. वहीतले पहिलेच वाक्य होते : “पाणीटंचाईमुळे आमचा वेळ, पैसा, अभ्यास, झोप, आरोग्य आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांवर विपरीत परिणाम होतो.” एकही गोष्ट खोटी नव्हती. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत राहणाऱ्या मुलीने हे सगळे भोगलेलेच होते. पण वाक्य वाचताना तिचा आवाज ‘झोप’पाशीच विझला. मी वही बंद करायला सांगितली आणि विचारले, “पाणी येतं त्या रात्री घरात काय होतं ते सांग.” ती म्हणाली, “बाई, पाणी आलं की आई उठती, मी उठती, सगळी गल्ली उठती.”

ते वाक्य आम्ही जसेच्या तसे ठेवले. पुस्तकी मराठी करायचा मोह मी आवरला. त्यात काय काय आहे ते पाहा. क्रियापद एकच, तीनदा आलेले. माणसे वाढत गेलेली : एक आई, मग ती स्वतः, मग पूर्ण गल्ली. तिसरा तुकडा सर्वांत लांब. आणि वहीतल्या सहा तक्रारींपैकी झोप, अभ्यास, आरोग्य, शेजार या चारही न बोलता त्यात आलेल्या. उजनी धरणात किती पाणी साठते याचे आकडे तिने पुढे दिलेच, पण ते ऐकायला श्रोते या एका वाक्याने तयार झाले होते. चांगला तीन म्हणजे सहातले तीन गाळणे नव्हे. सहा गोष्टी मावतील असे तीन शोधणे.

जगाच्या इतिहासात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इसवी सनापूर्वी ४७ साली झेलाची लढाई जिंकल्यावर ज्युलियस सीझरने आलो, पाहिले, जिंकले एवढेच कळवले, हे शाळेतच वाचलेले असते. लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्ग इथे लोकशाहीची लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी अशी मांडणी केली. मला त्याहून बोलके वाटते ते चर्चिलचे उदाहरण. १३ मे १९४० ला ब्रिटिश संसदेत त्याने देशाला देऊ केल्या त्या गोष्टी चार होत्या : रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम. जगाच्या लक्षात राहिले रक्त, घाम आणि अश्रू. ‘कष्ट’ गळाला. लोकांच्या जिभेने चौथा शब्द परस्पर वजा केला.

असेच आपल्या दारातही झाले आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात घोषणा होती बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्राची. आज बोलताना ‘बेळगाव, कारवार, निपाणी’ हे तीन शब्द सहज येतात आणि बिदर, भालकी मागे राहतात. बिदर आणि भालकी आम्हा सोलापूरकरांना परकी नाहीत, सोयरिकी आहेत तिकडे. म्हणून ही गळती मला जास्त बोचते.

तीन शब्दांचे जे घोषवाक्य महाराष्ट्रात गावोगाव भिंतींवर आहे, त्याचा एक धागा सोलापुरात येतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत हा संदेश दिला, तो इंग्रजीत. पण ही तीन क्रियापदे त्याआधीपासून त्यांच्या कामात होती. २० जुलै १९२४ ला मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद तेच होते. आणि या सभेने ४ जानेवारी १९२५ ला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले ते आपल्या सोलापुरात. म्हणजे तीन शब्दांतला पहिला शब्द कागदावरून जमिनीवर उतरला तो या शहरात. मुलांना मी हे आवर्जून सांगते. घोषणा टाळ्यांसाठी नव्हती. ‘शिका’ म्हणायचे तर पोराला राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण लागते, हे म्हणणाऱ्याला माहीत होते.

क्रमही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी ब्रीदात शेवटची जागा संघटनेची आहे. मराठीत लोकांनी संघर्ष शेवटी नेला, दोन ‘सं’ शेजारी बसले आणि पायऱ्या चढत गेल्या : आधी स्वतः शिकायचे, मग एकत्र यायचे, मग लढायचे. तिसऱ्या जागेवर जे बसते त्यावर सगळा भार येतो, म्हणून तिथे काय ठेवायचे हा नुसता अलंकाराचा प्रश्न राहत नाही.

बाबासाहेबांना तीनची ताकद ठाऊक होती आणि त्याची मर्यादाही. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले त्यांचे भाषण प्रत्येक वक्त्याने अभ्यासावे. त्यात त्यांनी देशाला तीन इशारे दिले. मागण्यांसाठी संविधानाचा मार्ग सोडू नका. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, सामाजिक लोकशाही हवी. याच भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीबद्दल ते बोलले. हे तीन सुटे शब्द समजू नका, त्यांची एकच गाठ आहे, एकाला दुसऱ्यापासून तोडले तर लोकशाहीचा हेतूच नाहीसा होतो, असा त्यांचा मुद्दा होता. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे बाकीच्यांवर वर्चस्व. इतका स्पष्ट निकष मला दुसरीकडे मिळालेला नाही. तुमच्या तीन शब्दांतला एक काढून पाहा. बाकीचे दोन जागेवर उभे राहत असतील, तर तो तिसरा तालासाठी आलेला आहे. तिन्ही कोसळत असतील, तर तो हवाच.

आणि जिथे तीनने भागत नाही तिथे? आपल्या शाळांत परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात. तिच्यात त्रयी नाही, चार मूल्ये आहेत, कारण स्वातंत्र्य, समानता, बंधुता यांच्या आधी न्याय आहे. न्यायाचे प्रकार तीन सांगितले आहेत, स्वातंत्र्याची क्षेत्रे पाच, समानतेचे पैलू दोन. पाच स्वातंत्र्यांपाशी लहान मुले अडखळतात. अडखळू देत. तिथे ताल सांभाळण्यासाठी श्रद्धा किंवा उपासना गाळली असती, तर कुणाचा तरी हक्क गाळला गेला असता. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी विद्येपासून वित्तापर्यंत जी परंपरा लावली, तीही पाचांची आहे. ती पाठ होते, कारण प्रत्येक पुढची हानी आधीच्या हानीतून निघते. कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले असतील तर कान पाचही धरून ठेवतो.

तीनचा दुरुपयोगही सांगायला हवा, कारण माझी मुले उद्या मतदार आणि गिऱ्हाईक होणार आहेत. सुझन शू आणि कर्ट कार्लसन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी २०१४ साली जाहिरातींबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माल खपवण्यासाठी गुण सांगितले जात आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते तेव्हा तीन गुणांपर्यंत त्याचे मत चांगले होत जाते. चौथा सांगितला की त्याला संशय येतो. विकणाऱ्याने यातून घ्यायचा धडा उघड आहे. ऐकणाऱ्याने घ्यायचा धडा असा की तीन गुण ऐकून मन भरले तर तेवढ्यावरून गुण खरे ठरत नाहीत. चाल पुरी झाल्याचे ते समाधान असते. निवडणुकीच्या सभेत तीन शब्दांची घोषणा आली की मी मुलांना एकच काम देते : तिसऱ्या शब्दाचा अर्थ स्वतःच्या वाक्यात लिहून आणा. बहुतेक घोषणा तिथेच उघड्या पडतात.

शेवटी मला बोलायचे आहे ते सोलापूरच्या चौघांबद्दल. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटून उठले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमलच शहरावर उरला नाही, आणि मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. शहराच्या मधोमध त्यांचे पुतळे आहेत आणि त्या जागेला आम्ही ‘चार पुतळा’ म्हणतो. त्यानंतर ७० दिवसांनी, २३ मार्च १९३१ ला, लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. ही तीन नावे देशातल्या कुठल्याही मुलाला एका दमात म्हणता येतात. आमची चार नावे सोलापूर जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहेत. याची कारणे इतिहासात आहेत, नुसत्या आकड्यात नाहीत, हे मी जाणते. पण मंचावर उभ्या राहिलेल्या माणसाचे काय होते तेही मी इथल्या सभांत पाहिले आहे. दोन नावे ठसक्यात येतात, तिसऱ्याला आवाज खाली येतो, आणि चौथे नाव ‘आणि इतर’मध्ये जाते. कधी कुर्बान हुसेन राहतात, कधी शिंदे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. जीभ तीनवर थांबते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या भाषेतच आहे. साम, दाम, दंड, भेद हे चार शब्द मराठी माणूस कधी विसरत नाही, कारण तो ते साम-दाम, दंड-भेद असे दोन जोड्यांत म्हणतो. लोकमान्यांची चतुःसूत्रीही मी मुलांकडून अशीच पाठ करून घेते : स्वराज्य-स्वदेशी, बहिष्कार-राष्ट्रीय शिक्षण. चार नावेही तशीच घ्यायची. मल्लप्पा धनशेट्टी आणि श्रीकिसन सारडा. इथे थांबा, श्वास घ्या. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. दुसरी जोडी पहिलीइतक्याच उंच आवाजात. एकदा असे म्हटले की चौथे नाव सुटत नाही. माझ्याकडे येणारी सहावीची मुलेसुद्धा न अडता म्हणतात.

दर वर्षी १२ जानेवारीला चार पुतळ्यापाशी आणि शाळाशाळांत कार्यक्रम होतात. तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाला, सूत्रसंचालन करणाऱ्यांना आणि मुलांची भाषणे लिहून देणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे : बाकी भाषणात तीन-तीन शब्द खुशाल वापरा, पण त्या दिवशी चारही नावे आडनावासह घ्या.